मोठ्या पातेल्याची तपासणी

२८ जानेवारी

चि. सौ. भिंगरीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. हे तेवढं शांतपणे लिहिलंय, वाचून घे. पुढे शांत काही नाही.

बाबांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आहे. रविवारी चहा पिता पिता, ज्या आवाजात ते जुने पूल जड वाहनांना बंद करायचे त्याच आवाजात त्यांनी जाहीर केलं, की थंडी सरतानाच्या सुट्टीचं जेवण यंदाही घरी होईल आणि मोठं पातेलं ते स्वतः चढवतील. मी उठून त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. थंडगार. या माणसानं एकोणऐंशी वर्षांत स्वतःचा चहा स्वतः गाळलेला नाही गं. साखरेचा डबा कुठे असतो ते त्यांना गेल्या मंगळवारी कळलं, तेही तो पायावर पडला म्हणून.

आईला जाऊन पाच महिने झाले. मी मनात ठरवलं होतं, यंदा जेवणाबिवणाचा घाट नको. चष्म्याच्या दुकानाला सुट्टी, दोन अंडी उकडावीत, पांघरूण घ्यावं. कुठलं काय!

बरं, ते पातेलं, आईचा तो घेवडे-गाजरांचा रस्सा, करायचं कसं, हे कुणालाच माहीत नाही. आईनं लिहून काही ठेवलं नाही. मला विचारशील तर मी दरवर्षी कांदे-गाजरं सोलली, घेवडे निवडले, आणि खरा स्वयंपाक सुरू झाला की आई मला पाव आणायला पिटाळायची. हे मी बाबांना सांगितलं, तर म्हणाले, चाळीस वर्षांत पुलाचा मूळ नकाशा मला कितीदा मिळाला? पूल बघूनच सांगायचो, आत काय घातलंय ते.

तेव्हा सध्या आपल्या स्वयंपाकघराची तपासणी चालू आहे. हातोडी, फीत, वही, आणि माझ्या दुकानातलं भिंग. पातेल्याला बाहेरून हातोडीनं टकटक करून कान लावून ऐकलं. आतून काठाखाली चार बोटांवर एक डागाची रेघ सापडली, ती पाण्याची पातळी म्हणून वहीत गेली. भिंतीवरचे तेलाचे डाग मोजले. डब्यांची झाकणं भिंगाखाली धरून कुठलं जास्त झिजलंय ते पाहिलं, म्हणजे कुठला मसाला जास्त लागतो ते कळतं म्हणे. मिरीच्या डब्याचं झाकण सगळ्यात झिजलेलं निघालं. मी सांगितलं, बाबा, त्यात आधी वीस वर्षं बटणं होती. त्यांनी वहीत लिहिलं, ‘साक्षीदार भरवशाचा नाही.’ मी वाचलं ते.

आणि आता मुख्य. मला म्हणाले, सात ताटं काढ. मी बोटं मोजली. तू, जावईबापू, तुझी जुळी, मी, ते. सहा. सातवं कुणाचं विचारलं तर टेबलाची लांबी मोजायला लागले.

सातवं कुणाचं ते तुलाही कळलं असेल. सहा वर्षांपूर्वी याच जेवणाला आपल्या मधल्या भावानं सांगितलं होतं, की पुलांच्या खात्यातली नोकरी सोडली, आता हॉटेलच्या स्वयंपाकघरात उभा राहणार. तेव्हा बाबा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले होते, की या घरात पुरुष कधी चुलीपाशी उभा राहिलेला नाही, आणि परक्यांना रांधून घालायचं असेल तर जेवायचंही परक्यांतच. मधल्यानं चमचा खाली ठेवला आणि गेला. आई गेली तेव्हा आला, दाराबाहेर उभा राहिला, पाणीसुद्धा न पिता परतला. मी बाबांना म्हटलं, त्याला दोन ओळी लिहा ना. तर म्हणतात, रिकाम्या टेबलावर कुणाला बोलवायचं? आधी पातेलं जमू दे.

थोडक्यात काय, बाबांना माफी मागता येत नाही, म्हणून मला वीस लिटरचं पातेलं घासावं लागतंय.

जुळ्यांना पापे. लोभ आहे, पण सध्या तो भांड्यांच्या ढिगाखाली आहे.

तुझी,
ताई

*

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी शाळेत, शिक्षकांच्या खोलीत वाचलं आणि इतकी हसले, की भूगोलाच्या बाईंनी पाणी आणून दिलं. ‘साक्षीदार भरवशाचा नाही’ हे मी आमच्या घरात भिंतीवर लावणार आहे, आमच्या ह्यांच्या खुर्चीच्या वर.

पण बाबांना आधी थांबव. पातेल्यातली ती रेघ पाण्याची नाही गं. ती माझी आहे. शाळेच्या नाटकासाठी समुद्राचा पडदा हवा होता, तो मी त्या पातेल्यात निळा रंगवला होता. आईनं तीन दिवस राखेनं घासलं, मला दोन धपाटे दिले आणि तुला सांगायचं नाही अशी तंबी दिली, कारण तू मला आणखी दोन दिले असतेस. त्या रेघेपर्यंत पाणी घातलं तर बाबा जेवण नाही, समुद्रच शिजवतील.

आम्ही येतोय. सुट्टीच्या दिवशी दुपारच्या गाडीनं. जुळ्यांना आजोबांच्या हातचं जेवायचं म्हणून कोण आनंद! मी त्यांना निघताना पोटभर खाऊ घालून आणीन, काळजी करू नकोस.

आता जरा गंभीर. ताई, तू उगाच डबे हुंगत बसू नकोस. मधल्या दादाला विचार. त्याला ते पातेलं येतं. कसं येतं ते मला विचारू नकोस. मी एका माणसाला शब्द दिलाय आणि ते माणूस आता मला त्यातून सोडवायला नाही. तू फक्त लिही त्याला. मी लिहिलं तर तो विनोदावर नेतो, तुझं पत्र आलं की निदान ताठ बसून वाचतो. आपण सगळेच बसतो.

बाबांना म्हणावं, हातोडी बाजूला ठेवून भिंग मात्र जवळ असू द्या, कांदा बारीक चिरता येतो. लोभ असू द्यावा, आणि माझ्या वाटणीचा राग जुळ्यांना दाखवू नये.

तुझी,
भिंगरी

*

९ फेब्रुवारी

चि. सौ. भिंगरीस,

आशीर्वाद आहेत, पण मोजून.

तुझं पत्र मंगळवारी आलं. समुद्र सोमवारीच शिजला होता.

मी दुकानातून आले तर जिन्यातच वास. वास म्हणजे, ओल्या लाकडाच्या कारखान्यात कुणी कांदे विसरून गेलं असावं तसा. आत बाबा, अंगात तो जुना पाहणीचा कोट, डोळ्यांवर दुहेरी चष्मा, हातात घड्याळ. पातेलं तुझ्या निळ्या रेघेपर्यंत भरलेलं, त्यात गाजरं पोहताहेत. सगळी एका मापाची, पट्टी लावून कापलेली. जर्दाळू सकाळीच घातले होते, ते संध्याकाळपर्यंत विरून गेले. मिरी झाकणाच्या झिजेच्या प्रमाणात घातलेली. मी चमचाभर तोंडात घातलं आणि डोळ्यांतून पाणी आलं, तर बाबा हरखून म्हणाले, आईची आठवण झाली ना?

आता त्या माणसाला काय सांगायचं?

आम्ही ते चार दिवस खाल्लं. शेजारणीला डबा दिला, तिनं दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत केला आणि माझी तब्येत विचारली. बाबा रोज एक घास घ्यायचे, डोळे मिटायचे, मग वहीत काहीतरी लिहायचे. गुरुवारी डोळे मिटून बराच वेळ बसले. मला वाटलं डुलकी लागली. मग म्हणाले, हे ते नाही. एवढंच. आणि उठून स्वतः पातेलं घासायला घेतलं. मी करते म्हटलं तर हात झटकला. चिडले नव्हते गं, तेच वाईट. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

तुझ्या रेघेचं मी त्यांना सांगितलं. हसले नाहीत. म्हणाले, म्हणजे माझा पायाच चुकला. आणि आणखी चौदा दिवस आहेत म्हणाले.

तेव्हा तुझ्या सल्ल्याप्रमाणे मी मधल्याला लिहिलं आहे. दोनदा फाडलं, तिसऱ्यांदा टाकलं. सरळ विचारलं, तुला येत असेल तर कृती पाठव, आणि जमलं तर स्वतः ये. ते कोड्यात बोलणं मात्र तुला शोभत नाही. शब्द दिलाय म्हणे. चव्वेचाळीस वर्षांची झालीस, दोन पोरांची आई, आणि अजून तुझ्या पोटात काहीतरी असतं जे मला सोडून सगळ्यांना ठाऊक असतं. लहानपणी याला मी लबाडी म्हणायचे. आता सुचतो तो शब्द लिहीत नाही, कारण तुझ्या नवऱ्यालाही पत्र वाचायला देतेस.

बाकी क्षेम. म्हणजे माझ्यापुरतं, तेही जेवणाची वेळ सोडून.

तुझी,
ताई

*

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न.

पत्र पोचलं. ताठ बसून वाचलं.

कृती पाठवत नाही. कंजूषपणा नाही, ती लिहिण्यासारखी नाही. किती वेळ, किती मीठ, हे त्या दिवशीचा कांदा ठरवतो. इथे नवीन आलेल्यांनाही मी हेच सांगतो आणि तेही माझ्याकडे तू आत्ता बघत असशील तसंच बघतात.

येता येणार नाही. तुम्हा लोकांची सुट्टी असते तेव्हा आमचं मरण असतं. त्या दिवशी दुपारी दोनशे माणसं जेवायला आहेत. सुट्टी मागितली तर वरिष्ठ आचारी मलाच कापून पातेल्यात घालतील.

आणि समजा सुट्टी असती, तरी आलो नसतो. तू म्हणतेस बाबा वाट बघताहेत. ते तू म्हणतेस. त्यांनी सहा वर्षांत एक ओळ लिहिलेली नाही. आईच्या वेळी मी दारात उभा होतो, ते माझ्या शेजारून दोनदा गेले आणि दोन्ही वेळा त्यांनी दाराची बिजागरी तपासली. मला हसू आलं असतं, पण तो दिवस तसा नव्हता.

आता ते स्वतः चुलीपाशी उभे राहिलेत म्हणतेस. चांगलं आहे. तळहाताला चटका बसला तर थंड पाण्याखाली धरा म्हणावं, लोणी लावू नका.

तुझ्यावर राग नाही. तुझ्यावर कधीच नव्हता, भीती होती. डोळ्यांना जप. दुसऱ्यांचे चष्मे करता करता स्वतःचा बदलायचा राहतो तुझा.

तुझा,
मधला

*

१७ फेब्रुवारी

चि. मधल्यास,

आशीर्वाद. विषय : मोठे पातेले.

सहा वर्षांत पत्र लिहिले नाही, त्यामुळे सुरुवात कशी करावी ते सुचत नाही. अहवाल लिहिता येतो, म्हणून अहवाल लिहीत आहे. चूक असेल तेथे खूण करावी.

तुझ्या आईचे पातेले पुन्हा करण्याचा प्रयत्न मी दोन वेळा केला. दोन्ही वेळा फसला. पहिल्या वेळी मोजमाप चुकीच्या खुणेवरून घेतले. दुसऱ्या वेळी पाणी बेतात होते, पण चव आली नाही. तुझी ताई चांगली आहे म्हणाली. तिला खोटे बोलता येत नाही, ती बोलताना आपल्या चष्म्याची काच पुसते.

परवा शेगडी मागे ओढली, तेव्हा भिंतीच्या फटीत ढवळण्याचा जुना लाकडी डाव पडलेला सापडला. डाव एका कडेने चांगला अर्धे बोट झिजलेला आहे. तुझ्या आईच्या रोजच्या वापरातला लहान डावही झिजलेला आहे, पण विरुद्ध कडेने. दोन्ही डाव मी शेजारी ठेवून तास दीड तास बसलो. पातेल्यात पाणी घेऊन दोन्ही हातांनी ढवळून पाहिले. ही झीज डावखुऱ्या माणसाच्या ढवळण्याची आहे, यात शंका नाही. तुझी आई उजव्या हाताची. मुलीही. या घरात डावखुरा एकच होता. त्या हाताने लिहितोस म्हणून तू लहान असताना मी तुझ्या बोटांवर पट्टी मारली होती, तेही येथे नोंदवतो.

त्यानंतर इतर गोष्टी आपोआप जुळत गेल्या. भिंगरी शाळेत असताना तुझ्या आईला मोठा ताप आला होता. त्यानंतर दूध करपले तरी तिला वास येत नसे. रोजचे जेवण ती हाताच्या सवयीने निभावून नेई. पण सणासुदीला ती चमचा स्वतः चाखत नसे, तुमच्यापैकी कुणापुढे तरी धरत असे. मी ते पाहिले होते. मला ती माया वाटली. चाळीस वर्षे तडे शोधण्याचे काम केले आणि घरातला तडा माया म्हणून नोंदवला.

शेवटची बाब. तू गेल्यापासून पातेल्याची चव गेली होती. मला वाटले तिचे वय झाले. एकदा जेवताना तिला तसे म्हणालोही. तिने पाव पुढे केला. ते वाक्य आता परत घेता येत नाही.

निष्कर्ष : पंचवीस वर्षे मी ज्या हाताचे कौतुक करत जेवलो, तो हात तुझा होता. आणि ज्या हाताला घराबाहेर काढले, तोही तोच.

अहवालाखाली तपासणीसाची सही लागते. ती करतो. निष्कर्ष बरोबर आहे की नाही ते कळवावे. सुट्टीच्या दिवशी दुपारी एक वाजता जेवण आहे. पातेले जमलेले नाही, तरी बोलावत आहे.

तुझा,
बाबा

*

२० फेब्रुवारी

ती. बाबांस,

सा. न. वि. वि.

अहवाल मिळाला. खूण करण्यासारखी चूक एकच. तुम्ही पट्टी मारली ती उजव्या हातावर. त्या हातानं लिहीत नव्हतो म्हणून.

निष्कर्ष बरोबर आहे.

सतरा वर्षांचा होतो. आईनं पातेल्यात दोनदा मीठ घातलं आणि तिला कळलं नाही. घाबरून माझ्याकडे बघितलं. मी ते कसंबसं सावरलं. तुम्ही त्या दिवशी तीनदा वाढून घेतलंत. मग दर वर्षी तेच. ताईला पाव आणायला पाठवायचं, भिंगरीनं दारात उभं राहून तुम्ही येताय का बघायचं, आणि मी ढवळायचं. आईनं बजावलं होतं, बाबांना कळू द्यायचं नाही. आधी तिच्या नाकाचं कळू नये म्हणून. पुढे, मुलगा चुलीपाशी असतो हे कळू नये म्हणून. मी पुलांवर काम करत होतो, वर्षभर त्या एका दिवसाची वाट बघत होतो, आणि तुम्ही दरवर्षी बोटं चाटत म्हणायचात, बाईच्या हातालाच अशी चव असते. तेव्हा मी मान खाली घालून जेवायचो. हसू यायचं म्हणून नाही.

नोकरी का सोडली, ते तुम्ही त्या दिवशी विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही विचारलं नाहीत, निकाल दिलात.

तुमचं पत्र मी कोठीघरात उभ्यानं वाचलं आणि पिठाच्या पोत्यावर बसून परत वाचलं. राग गेला असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला लिहू? बराचसा आहे. दोनशे माणसं मात्र खरीच आहेत, त्यामुळे येणं शक्य नाही. हा बहाणा नाही. तुम्ही पूल सोडून घरी आला नाहीत, असे माझे सगळे वाढदिवस आठवा, म्हणजे कळेल.

कांदा पाऊण तास परता. लाल नव्हे, मधासारखा दिसला पाहिजे. घाई करू नका. घेवडे वेगळे शिजवा. जर्दाळू शेवटच्या अर्ध्या तासात. मिरी झाकण बघून घालू नका, ताईनं सगळं कळवलंय. मीठ शेवटी, आणि ते घालायच्या आधी थांबा. किती वेळ थांबायचं ते लिहून कळत नाही.

तुमचा,
मधला

*

२३ फेब्रुवारी, सकाळी घाईत

चि. सौ. भिंगरीस,

ही चिठ्ठी शेजारणीकडे किल्लीसोबत ठेवते आहे. दुपारी गाडीतून उतरशील आणि दाराला कुलूप बघून माझ्या नावानं शंख करशील, तो आवरता घे. आम्ही घरी नाही. पातेलंही घरी नाही.

बाबा पहाटेपासून कांदा परतत होते. आठ वाजता पातेल्याचं झाकण दोरीनं घट्ट बांधलं, कोट चढवला आणि म्हणाले, ज्याला येता येत नाही त्याच्याकडे आपण जायचं, बस नऊची आहे. मी म्हटलं, भिंगरी येतेय, जुळी येताहेत, सात ताटं! तर म्हणतात, तिला सांग, ती समजून घेईल, तिला सगळंच आधीपासून माहीत असतं. तेवढ्यात मला मधल्याचं पत्र आणि त्याला स्वतः पाठवलेल्या पत्राची नक्कल वाचायला दिली. तुझ्याशी मला बोलायचं आहे, पण ते चिठ्ठीत मावणार नाही.

फडताळात अंडी आहेत, बटाटे आहेत. पाव कोपऱ्यावर मिळेल. रांगेत उभी राहा जरा, मी पंचवीस वर्षं राहिले.

ताई

*

२३ फेब्रुवारी, दुपारी साडेचार

चि. सौ. भिंगरीस,

आशीर्वाद. हे पत्र मी एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या बोळात, भाज्यांच्या उपड्या खोक्यावर बसून लिहिते आहे. गुडघ्यावर वही आहे. तीन तास गुडघ्यावर पातेलं होतं, त्यामानानं हलकी आहे.

बसमधलं काही लिहीत नाही. एवढंच सांगते, की दर वळणाला बाबा मला आडवं धर, तिरपं धर अशा सूचना देत होते, आणि वाहकानं दोनदा विचारलं आत जिवंत काही आहे का. माझ्या चांगल्या झग्यावर जर्दाळूचा डाग आहे. तो निघणार नाही. मी तुझ्या पडद्यासारखा सगळा झगाच आता जर्दाळूच्या रंगात रंगवून टाकणार आहे.

मागच्या दारानं आत गेलो तर एकच कल्लोळ. वाफ, झाकणांचा आवाज, पांढऱ्या टोप्या, कुणीतरी कुणावर तरी ओरडतंय. मधला मध्यभागी उभा, पाठमोरा, दोन्ही हात चालू. त्यानं वळून बघितलं. आधी मला, मग पातेल्याला, मग बाबांना. मला वाटलं आता काहीतरी होईल. त्यानं काय म्हणावं? दारातून बाजूला व्हा, गरम ताटं जाताहेत, म्हणाला. आणि बाबा झाले गं बाजूला. मुकाट्यानं. मी आयुष्यात पहिल्यांदा बाबांना कुणी सांगितलं म्हणून हललेलं पाहिलं.

अडीच तास आम्ही या बोळात उभे होतो. मला शिंका, बाबांना उत्साह. आतलं छत किती वाकलंय ते मला सांगत होते. तीन वाजता गर्दी ओसरली आणि मधला बाहेर आला. दोरी सोडली, झाकण काढलं, नुसताच वास घेत उभा राहिला. मग चमच्यानं चाखलं. बाबांनी खिशातून वही काढली होती, पेन्सिल धरली होती. मला त्या दोघांना एकेक ठेवून द्यावीशी वाटली. मधला म्हणाला, मीठ कमी आहे. बाबांनी लिहून घेतलं. मग म्हणाले, की घातलेलंच नाही, थांबायचं किती वेळ ते कळलं नाही म्हणून तसंच आणलं.

मधला आत जाऊन मीठ घेऊन आला. डाव्या हातात. बाबांना म्हणाला, बघा आता. आणि दोघं पातेल्यावर वाकले. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मी विचारलं, काय चाललंय, तर दोघांनी एकदमच मला गप्प केलं. मग त्यानं मीठ घातलं. बाबांनी चाखलं आणि वही मिटून खिशात घातली. कोटाच्या बाहीनं चष्मा पुसला, तोही डोळ्यांवर असतानाच.

ते पातेलं आमच्या वाट्याला वाटीभर आलं. बाकीचं तिथल्या माणसांनी उभ्याउभ्या संपवलं. भांडी घासणाऱ्या बाईंनी तर पावानं पातेलंच पुसून काढलं आणि कुणी केलं विचारलं. मधल्यानं बाबांकडे बोट दाखवलं, बाबांनी मधल्याकडे. त्यावरून वाद सुरू झाला! कांदा कुणाचा आणि मीठ कुणाचं. सहा वर्षं एकमेकांशी न बोललेली माणसं, आणि बोलायला लागली तर ही अशी. मी उठून या खोक्यावर येऊन बसले.

आम्हाला खरं तर चारच्या बसनं निघायचं होतं. ती गेली. का? तर संध्याकाळचे बटाटे सोलायला माणूस आला नाही. मधला वैतागून इकडेतिकडे बघत होता, बाबांनी कोट काढून खिळ्याला लावला आणि सुरी मागितली. पोतंभर बटाटे आहेत भिंगरे. प्रत्येक बटाटा हातात फिरवून बघतात, डोळे काढतात, मग सोलतात. मधला म्हणतो, बाबा, जरा पटापट. बाबा म्हणतात, हो.

मघाशी वरिष्ठ आचारी आले. धिप्पाड गृहस्थ, मिशा, आवाज असा की झाकणं थरथरावीत. हे म्हातारे कोण, आणि बटाटे इतके हळू कोण सोलतंय, असं विचारलं. मधला बोलायच्या आत बाबा उठून उभे राहिले आणि मधल्याकडे हात करून म्हणाले, की पूर्वी पुलांवर होतो, सध्या यांच्या हाताखाली आहे.

आचारी बरं म्हणाले आणि गेले. बाबा परत बसले, पुढचा बटाटा घेतला. मधला पाठ वळवून एक पातेलं ढवळायला लागला. मी इथून बघते आहे, अजून ढवळतोय. त्याच्याखालची आच केव्हाच बंद आहे.

पुढची बस सहाला आहे. जुळ्यांना अंडी उकडून घाल. आम्ही आज येऊच असं नाही, अजून अर्धं पोतं शिल्लक आहे. मीही आता सुरी मागणार आहे, इथे बसून मला थंडी वाजतेय.

तुझ्यावरचा राग भेटीपर्यंत राखून ठेवला आहे, लोभ तेवढा आत्ताच घेऊन टाक.

तुझी,
ताई